बावीस अक्षरें : कुमारी ॲडलेड क्रॅप्सी यांचें चरित्र व काव्य

विद्यार्थिमित्रहो, थोरामोठ्यांचीं चरित्रें वाचण्याची तुम्हांस संवय आहे. ज्यांनीं राज्यें स्थापिलीं, समुद्र ओलांडले, यंत्रें शोधून काढलीं, अशा स्त्रीपुरुषांच्या गोष्टी तुम्ही आवडीनें वाचतां व त्या वाचाव्याच. परंतु आज आम्ही जिचें चरित्र सांगणार आहों, त्या अमेरिकन बाईनें यांपैकीं कांहींच केलें नाहीं. ती एक शिक्षिका होती. छत्तीस वर्षें जगली. तिच्या साऱ्या कविता एका बारीकशा पुस्तकांत मावतात, आणि ज्या कवितांमुळें तिचें नांव आज राहिलें आहे, त्या तर अवघ्या बावीस बावीस अक्षरांच्या आहेत. बावीस अक्षरांत सांगून सांगून काय सांगणार, आणि तेवढ्यासाठीं कोणीं आपलें आयुष्य वेंचावें काय, असा प्रश्न तुमच्या मनांत येईल. तो आमच्याही मनांत आला होता.

ॲडलेड क्रॅप्सी हिचा जन्म ९ सप्टेंबर १८७८ रोजीं न्यूयॉर्कनजीक ब्रुकलिन येथें झाला. तिचे वडील रेव्हरंड आल्जर्नन सिडने क्रॅप्सी हे एपिस्कोपल मंडळीचे पाळक होते. मुलगी वर्षाची होते न होते तोंच त्यांस रॉचेस्टर शहरीं नव्यानें स्थापन झालेल्या सेंट अँड्र्यूज मंडळीचें काम मिळालें, आणि सारें कुटुंब तिकडे गेलें. घरांत एकंदर नऊ भावंडें. पाळकाच्या घरीं पैशाची सुबत्ता नसते, परंतु पुस्तकांची व बोलण्याचालण्याची असते, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस स्वानुभवानें ठाऊक आहे. अशा घरांत ॲडलेड वाढली.

पुढें तिला विस्कॉन्सिन संस्थानांत केनोशा येथील 'केंपर हॉल' नांवाच्या मुलींच्या बोर्डिंग शाळेंत पाठविलें. तेथें तिनें शाळेच्या मासिकाचें संपादन केलें, बास्केटबॉल खेळली, आणि १८९७ सालीं पहिल्या नंबरानें शाळा सोडली. जीं मुलें शाळेच्या मासिकासाठीं चार ओळी लिहितांना टंगळमंगळ करतात, त्यांनीं हें लक्षांत ठेवावें. त्याच वर्षीं ती व्हॅसर कॉलेजांत गेली. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाकरितां त्या देशांत जीं कॉलेजें निघालीं, त्यांत व्हॅसरचें नांव मोठें होतें. तेथें तिची जीन वेब्स्टर हिच्याशीं मैत्री जडली व ती जन्मभर टिकली. याच जीन वेब्स्टरनें १९१२ सालीं 'डॅडी-लाँग-लेग्ज' ही प्रसिद्ध कादंबरी लिहिली. अनाथाश्रमांतून कॉलेजांत आलेली, हंसरी, खोडकर, परंतु मनाची खंबीर अशी जी त्या कादंबरीची नायिका, तिच्यांत ॲडलेडच्या स्वभावाच्या छटा उतरल्या आहेत, असें म्हणतात. म्हणजे आमची कवयित्री कांहीं जन्मतःच उदास मुद्रेची नव्हती, हें येथें ध्यानांत ठेवावें.

परंतु दुःख या घराचा उंबरठा चुकवीत नव्हतें. कॉलेजचा अभ्यास चालू असतांनाच १८९८ सालीं तिची एक धाकटी बहीण वारली. १९०१ सालीं ॲडलेड पदवीधर झाली, आणि त्याच वर्षीं दुसरी बहीण गेली. पदवी हातीं आली, तेव्हां नोकरीच्या शोधास न लागतां ती घरीं आईबापांजवळ राहिली. पुढें १९०७ सालीं एक भाऊही वारला.

यापुढें आमची नायिका शिक्षिका झाली. तेव्हां तिला 'ती' म्हणणें बरें नव्हे. क्रॅप्सीबाईंनीं प्रथम आपल्या जुन्या शाळेंतच, केंपर हॉलमध्यें, इतिहास व वाङ्मय हे विषय शिकविले. पगारांतून शिल्लक टाकून १९०४ सालीं त्या रोम शहरीं पुराणवस्तुशास्त्राच्या अभ्यासाकरितां गेल्या. परत आल्या तों घरावर निराळेंच संकट आलें होतें.

त्यांच्या वडिलांनीं दिलेलीं कांहीं व्याख्यानें १९०५ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं होतीं. त्यांत मतांगीकारांतील कांहीं वाक्यांविषयीं, विशेषतः प्रभूच्या जन्माविषयींच्या वाक्याबद्दल, त्यांनीं जीं मतें मांडलीं तीं मंडळीच्या शिक्षणास सोडून आहेत, असा आरोप आला. १९०६ च्या वसंत ऋतूंत बटेव्हिया गांवीं मंडळीच्या न्यायासनापुढें खटला चालला. निकाल विरुद्ध गेला. अपीलही फेटाळलें गेलें. आणि वर्षाअखेर रेव्हरंड क्रॅप्सी यांनीं पाळकपद सोडलें. जवळजवळ सत्तावीस वर्षें ज्या मंडळीची सेवा केली, ती सुटली. या वादांत कोण बरोबर होता, हें ठरविण्याची ही जागा नव्हे, आणि आम्ही त्याचे अधिकारीही नव्हों. येथें सांगावयाचें तें कन्येविषयीं. देशभर वर्तमानपत्रांत बापाचें नांव गाजत असतां ही मुलगी बापाच्या पाठीशीं उभी राहिली. दुसऱ्या वर्षीं, १९०७ सालीं, हेग येथें शांतता परिषद भरली, तेव्हां ती बापाबरोबर तेथें गेली. जगानें टाकलेल्या माणसाबरोबर चार पावलें चालणें ही गोष्ट बोलावयास सोपी, करावयास अवघड.

मध्यंतरीं स्टॅमफर्ड येथील मुलींच्या एका शाळेंत त्यांनीं दोन वर्षें नोकरी केली. तेव्हांपासूनच त्यांस थकवा येऊं लागला होता. १९०८ सालीं त्या पुन्हां युरोपांत गेल्या, आणि रोम व लंडन येथें राहून त्यांनीं एका अभ्यासास हात घातला. तो अभ्यास असा होता, कीं तो ऐकून प्रथम तुम्हांस हंसूं येईल. तो होता इंग्रजी कवितेंतील शब्दांची मोजणी.

एक कवि घ्यावयाचा. त्याच्या कवितेंतील शब्द एकामागून एक पाहावयाचे. एका उच्चाराचे शब्द किती, दोन उच्चारांचे किती, तिहींचे व त्याहून अधिकांचे किती, याची नोंद करावयाची. मग शेंकडा प्रमाण काढावयाचें. हें काम त्यांनीं दहावीस ओळींवर केलें नाहीं. सबंध दीर्घकाव्यें घेतलीं. एकीकडे लहान मुलांचीं बडबडगीतें, दुसरीकडे मिल्टनचीं महाकाव्यें, तिकडे टेनिसन, स्विनबर्न. प्रत्येक कवीच्या शब्दांची घडण निराळी असते, आणि त्या घडणीवर त्याच्या वृत्ताची चाल अवलंबून असते, हें त्यांस दाखवावयाचें होतें. बडबडगीतांत लांब शब्द जवळजवळ नसतातच, म्हणून तीं टुणटुण उड्या मारीत जातात. मिल्टनच्या ओळींत लांब शब्द येऊन बसतात, म्हणून ओळ गंभीर पावलें टाकते. आपण म्हणतों, अमुक कवितेची चाल आवडली. ती कां आवडली, हें कोणी सांगत नाहीं. क्रॅप्सीबाईंस तें कां हवें होतें, आणि तें मिळविण्याकरितां हजारों शब्द बोटांवर मोजण्याचा त्यांस कंटाळा नव्हता.

आमच्या वर्गांत लघुगुरूंच्या खुणा करतांना किंवा गण पाडतांना ज्या विद्यार्थ्यांचे चेहरे उतरतात, त्यांस आम्ही आतां या बाईंची गोष्ट सांगतों. वृत्ताचें गणित हें कवितेचें वैरी नव्हे. सोनार सोनें वजन करतो, तें त्यास सोन्याची किंमत ठाऊक असते म्हणून.

१९११ सालीं त्या अमेरिकेस परत आल्या व नॉर्थॅम्प्टन येथील स्मिथ कॉलेजांत काव्यशास्त्र शिकवूं लागल्या. त्याच वर्षीं डॉक्टरांनीं क्षयाचें निदान केलें. दोन मुली व एक मुलगा गमावलेल्या आईबापांस हें कसें कळवावें? त्यांनीं कळविलें नाहीं. दोन वर्षें त्या रोज वर्गावर जात राहिल्या, आणि याच दोन-तीन वर्षांत त्यांनीं आपलें नवें वृत्त घडविलें. त्यास त्यांनीं 'सिंकेन' असें नांव दिलें. फ्रेंच भाषेंतील पांच या अर्थाच्या शब्दापासून हें नांव झालें आहे, कारण या कवितेच्या ओळी पांच.

या वृत्ताची रचना अशी. पहिल्या ओळींत दोन अक्षरें, दुसरींत चार, तिसरींत सहा, चौथींत आठ. आणि पांचवींत पुन्हां दोनच. इंग्रजीच्या रीतीप्रमाणें आघात मोजले, तर एक, दोन, तीन, चार आणि पुन्हां एक. यमक नाहीं. अशा छोट्या रचनेची आवड त्यांस जपानी कवितेमुळें लागली. जपानांत 'हायकू' सतरा अक्षरांचा व 'तांका' एकतीस अक्षरांचा असतो. त्यांचीं फ्रेंच व इंग्रजी भाषांतरें त्यांनीं वाचलीं होतीं. परंतु त्यांनीं जपानी वृत्त जसेंच्या तसें उचललें नाहीं. इंग्रजी भाषेच्या कानास काय मानवेल, हें मोजण्यांत त्यांचीं वर्षें गेलीं होतीं. त्या मोजणींतून हें नवें माप निघालें. त्याच सुमारास, १९१२ पासून, शिकागोच्या 'पोएट्री' मासिकाभोंवतीं मोजक्या शब्दांत स्वच्छ चित्र उभें करणाऱ्या कवींचा एक नवा पंथ उदयास येत होता. क्रॅप्सीबाई त्या मंडळींत नव्हत्या. त्या आपल्या खोलींत एकट्याच त्याच दिशेनें निघाल्या होत्या.

आतां अक्षरांची बेरीज करा. दोन, चार, सहा, आठ आणि दोन, एकूण बावीस. मागील वर्षीं आम्ही वरच्या वर्गांत फळ्यावर ही बेरीज मांडली, तेव्हां मागच्या बांकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, बावीस म्हणजे मोठा अभंग." आम्ही क्षणभर थांबलों. त्याचें म्हणणें खरें होतें. आपल्या मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिले तीन सहा सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, बेरीज बावीस. पंढरीच्या वाटेवर शेंकडों वर्षें जें माप गाइलें गेलें, आणि रेव्हरंड टिळकांच्या अभंगांमुळें जें आमच्या उपासनेंतही आलें, त्याच मापाची शिदोरी घेऊन ही अमेरिकन बाई निघाली होती! अर्थात् हा निव्वळ योगायोग आहे. तिनें अभंग ऐकला असेल, असें मानावयास मुळींच आधार नाहीं. परंतु अशा योगायोगावरून एक गोष्ट चांगली शिकतां येते. ती म्हणजे सारख्याच अक्षरांतून दोन अगदीं निराळे स्वभाव कसे घडतात.

अभंगांत तीन चरण सारखे चालतात, चौथ्यावर किंचित् विसांवा मिळतो, आणि लगेच दुसरा चौक सुरू होतो. त्यास टाळ हवा, मृदंग हवा, मागें म्हणणारे हवेत. नांवाप्रमाणेंच तो भंगत नाहीं. सिंकेन मात्र भंगण्याकरितांच रचलेला आहे. दोन, चार, सहा, आठ अशा पायऱ्या चढत जावें, पुढची पायरी दहांची असेल अशा भरंवशानें पाऊल टाकावें, आणि तेथें एकदम दोनच अक्षरें यावींत. पुढें कांहीं नाहीं. मागें म्हणणारे नाहींत. कवितेचा सारा अर्थ त्या शेवटच्या दोन अक्षरांच्या आंत व त्यांच्यानंतरच्या शांततेंत असतो. अभंग हा समुदायाचा, सिंकेन एकट्याचा.

क्रॅप्सीबाईंचीं सिंकेनें संख्येनें फार नाहींत. तीसच्या आसपास भरतील. त्यांचे विषय पाहा. नोव्हेंबरच्या रात्रीं गळणाऱ्या वाळक्या पानांचा आवाज, नायगाऱ्याचा प्रचंड धबधबा व त्यावरील चंद्र, बर्फ, चांदण्यांतील सावल्या, शांतता. एक सिंकेन जुन्या ग्रंथांतील सुसान्नेच्या कथेवर आहे. विषय साधे, परंतु त्यांवर उगीच विशेषणांची आरास नाहीं. नायगाऱ्याचें वर्णन करावयास दुसरा एखादा कवि शंभर ओळी घेता. येथें धबधब्याचा गडगडाट व चंद्राची नाजुकता एवढीं दोनच समोरासमोर ठेविलीं आहेत.

दुसऱ्याच्या कविता येथें उतरून घेण्याऐवजीं आम्ही वर्गांत फळ्यावर आमच्या हातचाच एक नमुना मांडला होता. तो येथें देतों. आम्ही कवि नव्हों. रचना दाखविणें एवढाच हेतु. अक्षरें अभंगाप्रमाणें मोजावींत. लघुगुरूचा भेद मानूं नये.

शाळा
सुटलेली;
फळ्यावर राहे
अर्धे पुसलेले नाव
तिचे.

यांतील शेवटची ओळ झांकून पाहा. उरलेल्या चार ओळींत एका रिकाम्या वर्गाचें वर्णन तेवढें राहतें. 'तिचे' हीं दोन अक्षरें आलीं, कीं ती कोण, कोठें गेली, पुन्हां येईल काय, हें तुमचें तुम्ही विचारूं लागतां. आम्हीं सांगितलें तें थोडें. उरलेलें तुम्हीं आणलें. हेंच या वृत्ताचें मर्म होय.

आतां या चरित्राचा कठीण भाग. १९१३ च्या जुलै महिन्यांत क्रॅप्सीबाई एकाएकीं कोसळल्या, आणि मग दुखणें झांकून ठेवणें शक्य राहिलें नाहीं. त्यांस न्यूयॉर्क संस्थानांतील सारनॅक लेक या डोंगराळ गांवीं नेलें. डॉक्टर ट्रूडो यांनीं क्षयरोग्यांकरितां काढलेल्या आरोग्यधामामुळें तें गांव प्रसिद्धीस आलें होतें, आणि तेथील अनेक खासगी घरांतही रोगी ठेवीत. क्षयाचे जंतु १८८२ सालीं सांपडले होते, परंतु त्यांस मारणारें औषध नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागावयास १९४३ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत उपाय एकच: थंड, मोकळी हवा व संपूर्ण विश्रांति. रोग्यानें अंथरुणांत पडून राहावें, फार बोलूं नये, फार लिहूं नये. ज्या घरांत क्रॅप्सीबाईंस ठेविलें होतें, तेथें त्यांच्या खिडकीखालींच एक जुनें कबरस्थान होतें. दिवसभर पडल्या पडल्या तें दिसे.

त्या कबरस्थानांतील मृतांस उद्देशून त्यांनीं एक कविता लिहिली. ती सिंकेन नव्हे. चांगली लांब आहे. ती आपण त्रासाच्या भरांत लिहिली, अशी टीपही त्यांनींच तिला जोडली आहे. खरेंच ती त्राग्याची कविता आहे. इतके निमूट कसे पडून राहतां, असें ती मृतांस विचारते. आणि असें निमूट पडून राहणें मला शिकवूं नका, मी तें शिकणार नाहीं, असा तिचा एकंदर आशय आहे. डोंगर चढावे, धांवावें, जगावें, अशी त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनीं लपविली नाहीं. तरीही वृत्त मात्र कोठें सुटूं दिलें नाहीं. रागसुद्धां मापांत बसविला.

येथें आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आठदहा वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक मुलगी फार दिवस अंथरुणास खिळली होती. आम्ही तिला भेटावयास गेलों, आणि शिक्षकाच्या संवयीप्रमाणें उपदेश केला. धीर धर, कुरकुर करूं नये, ईयोबानें केवढें सोसलें तें आठव, असें बरेंच बोललों. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें भिंतीकडे तोंड फिरविलें. परत येतांना आम्हांस वाटलें, मुलगी हट्टी दिसते. पुढें क्रॅप्सीबाईंची ती कविता वाचनांत आली, आणि त्या रात्रीं आम्ही ईयोबाचें पुस्तक पुन्हां काढून बसलों. बेचाळीस अध्यायांच्या त्या पुस्तकांत सोशिक ईयोब पहिल्या दोनच अध्यायांत आहे. पुढें तो विचारतो, भांडतो, आपल्या जन्मदिवसास शाप देतो. आणि अखेरीस देवाचा राग होतो तो ईयोबावर नव्हे. त्यास बसून उपदेश करणाऱ्या मित्रांवर! आम्ही त्या मुलीस ईयोबाची अर्धीच गोष्ट सांगितली होती, आणि आमची जागा त्या मित्रांत होती. ती मुलगी बरी होऊन शाळेंत आली. आम्ही तो विषय तिच्याजवळ कधीं काढला नाहीं. तो येथें काढतों. ही पानें तिच्या घरींही जातात.

आईबापांसही आमची हीच विनंति आहे. आजारी मूल कुरकुरलें, तर तें अश्रद्ध झालें असें समजूं नये. ज्यास जगणें गोड वाटतें, तोच कुरकुरतो. क्रॅप्सीबाईंनीं ती कुरकुर प्रामाणिकपणें लिहिली, आणि लिहून झाल्यावर त्या पुन्हां कामास लागल्या. आपल्या कविता निवडून, क्रमवार लावून त्यांनीं हस्तलिखित तयार केलें. वृत्ताच्या अभ्यासाचा ग्रंथ मात्र पुरा झाला नाहीं.

१९१४ च्या ऑगस्ट महिन्यांत त्यांस रॉचेस्टर येथें आईबापांकडे आणलें. युरोपांत महायुद्ध पेटलें होतें. ८ ऑक्टोबर १९१४ रोजीं त्या वारल्या. पाळकपद गमावलेल्या बापानें आपलें आणखी एक लेंकरूं गमाविलें.

दुसऱ्याच वर्षीं, १९१५ सालीं, त्यांच्या कवितांचें 'व्हर्स' नांवाचें लहानसें पुस्तक निघालें. तें रॉचेस्टर येथील स्थापत्यकार क्लॉड ब्रॅग्डन यांनीं आपल्या छापखान्यांत काढलें. ब्रॅग्डन हे थिऑसफीचे अभ्यासक होते, म्हणून त्यांनीं आपल्या छापखान्यास 'मनस्' असें आपल्या संस्कृतांतील नांव दिलें होतें. १९१८ सालीं वृत्तांचा अपुरा ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं कार्ल सँडबर्ग या नामांकित कवीनें आपल्या संग्रहांत त्यांच्यावर कविता लिहिली. पुढें ज्याची टीकाकार म्हणून मोठी ख्याति झाली तो आयव्होर विंटर्स स्वतः तरुणपणीं क्षयानें आजारी होता. त्यानें या कवितांची मनापासून थोरवी गाइली. १९७७ सालीं त्यांच्या सर्व कविता व पत्रें एकत्र प्रसिद्ध झालीं.

आणि आणखी एक गोष्ट झाली. ती आम्हां शिक्षकांस विशेष गोड वाटते. अमेरिकेंतील शाळांतून लहान मुलांस कविता करावयास शिकवितांना सिंकेन शिकवूं लागले. तेथें पुष्कळदां अक्षरांऐवजीं शब्दच मोजतात: पहिल्या ओळींत एक नाम, दुसरींत दोन विशेषणें, तिसरींत तीन क्रियावाचक शब्द, असा सोपा हिशेब. एकेक उच्चार कानानें तोलणाऱ्या क्रॅप्सीबाईंस हा ढोबळपणा कितपत रुचला असता, कोण जाणे. परंतु एका शिक्षिकेचें काम अखेर फळ्यावर, मुलांच्या हातीं आलें, यांत आम्हांस समाधान वाटतें.

आतां प्रारंभीं विचारलेल्या प्रश्नाकडे वळूं. बावीस अक्षरांसाठीं आयुष्य वेंचावें काय? विद्यार्थिमित्रहो, अक्षरें किती हा प्रश्न खरा नव्हे. आयुष्य किती लांब मिळावें, हें आपल्या हातीं नसतें. कोणास अभंगाप्रमाणें चौकामागून चौक मिळतात, कोणाची ओळ आठांवरून एकदम दोनांवर येते. मिळालेलें अक्षर जागच्या जागीं, नीट, खरें बसविणें तेवढें आपल्या हातीं असतें. क्रॅप्सीबाईंनीं तेवढें केलें.

तेव्हां पुढील खेपेस निबंधाच्या तासास पान भरण्याची घाई करूं नका. एक वाक्य लिहा. तें मोठ्यानें वाचा. त्यांतील एखादा शब्द काढला असतां कांहीं उणें पडतें काय, तें पाहा. उणें पडत नसेल, तर तो शब्द खोडा. वहींत खोडाखोड दिसली म्हणून आम्ही गुण कापणार नाहीं. आणि अक्षरें मोजण्याची हौस झालीच, तर बावीस अक्षरांची एक कविता करून आमच्याकडे आणून द्या. पुढील वर्षाच्या अंकांत तिला जागा लागेल ती फार थोडी.